कपाटातले सतरा कागद

बिदरच्या कॉलेजात येऊन भीमराजला पंधरा दिवसही झाले नव्हते, तोवर त्याला पुढारी करण्यात आलं. रोजगार माहिती मंडळावर पहिल्या वर्षाचा एक प्रतिनिधी असलाच पाहिजे असा नियम होता, आणि बाकीची पोरं त्या वेळी चहाला गेली होती. साल अठ्ठ्याहत्तर. भीमराज औरादचा, बाप नरसिंग तिथल्या शाळेत शिपाई. बिदरातच मैलूर भागात दोघांसोबत एका खोलीत राहून तो बी.ए. करत होता.

मंडळाचा सचिव वीरण्णा. अडत्याचा मुलगा, शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला, अंगात सफारी आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालत नव्हतं, हे भीमराजला पहिल्याच बैठकीत कळलं. बैठकीत वीरण्णा बोलायचा आणि मंडळातले बाकीचे चौघं माना हलवायचे. चौघांनाही पुढच्या वर्षी सचिव व्हायचं होतं.

"लीडर व्हायचं म्हंजे आधी सेवा शिकावं लागतंय," वीरण्णा म्हणाला आणि त्यानं भीमराजला हार आणायला पिटाळलं.

हार आणणं, खुर्च्या मांडणं, पाहुण्यापुढं तांब्या ठेवणं. दिवाळीपर्यंत भीमराजनं एवढंच केलं. मनात मात्र तो एकेकाला सोलून काढत होता. कामाचा आव आणण्यात ही माणसं जेवढी दमतात, तेवढ्यात खरं काम दोनदा झालं असतं, असं त्याला वाटे.

दिवाळीनंतर नेतृत्व शिबिर ठरलं. मंडळाचा फलक कपाटात होता. तो काढायला वीरण्णानं त्याच्याकडं किल्ली फेकली. फलकामागं पाकिटांचा ढीग पडला होता. भीमराजनं एकेक उघडलं. टपाल खात्यातले कारकून, रेल्वेतले मदतनीस, कारखान्यातलं शिकाऊ काम. सतरा जाहिराती, आणि सतराच्या सतरा जाहिरातींची मुदत टळलेली. एका पाकिटावर भज्यांचं तेल उतरलं होतं.

"अण्णा, हे कागद लावले कामून न्हाईत?"

"कोण वाचतंय बे? ज्याला पायजे तो येऊन विचारतंय."

"आन् विचारलं तर?"

"तर सांगतो, नवीन काही न्हाई म्हनून." वीरण्णा मोठ्यानं हसला आणि चौघंही हसले.

शिबिराला गुलबर्ग्याहून एक निवृत्त साहेब आले. आपण कसे वर चढलो हे त्यांनी दीड तास सांगितलं. त्यांना वर कुणी ओढलं, ते मात्र सांगायचं राहिलं. शेवटी आभार मानायचं काम पहिल्या वर्षाकडं असे. वीरण्णानं लिहून दिलेल्या कानडी ओळींपैकी दोन भीमराजनं वाचल्या, मग तो कागद खिशात घातला आणि दुसरा काढला.

"टपाल खातं, कारकून, मुदत बारा ऑगस्ट. रेल्वे, मदतनीस, मुदत तीस ऑगस्ट..."

साहेबांना मराठी येत नव्हतं, ते देणगीदारांची नावं समजून प्रत्येकाला मान डोलवत होते. पोरं आधी फिदीफिदी हसली. सातव्या-आठव्या नावापाशी हसू थांबलं. सतरावं वाचून भीमराज म्हणाला, "हे समदे कागद आपल्या कपाटात व्हते. ते जपून ठिवल्याबद्दल मंडळाचे आभार."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य भगवानरावांनी त्याला बोलावलं. "फार शहाणा झालास. घे किल्ली, तूच चालव मंडळ. बघू काय दिवे लावतोस."

त्यांना वाटलं होतं पोरगं घाबरेल. भीमराजला भीती वाटली नाही असं नाही, पण ह्या लोकांपुढं भ्यायची त्याला लाज वाटली. आलेली जाहिरात तो त्याच दिवशी कानडीत आणि मराठीत हातानं लिहून सायकल स्टँडच्या भिंतीला चिकटवू लागला. उर्दूतली खोलीतला जोडीदार लिहून देई. अर्ज कसा भरायचा, फोटो कुठं लावायचा, हे त्याला पंचवीस जणांना शिकवावं लागलं. त्यापायी तो स्वतः शिकला. फेब्रुवारीपर्यंत त्यांतले दोघं नोकरीला लागले. एकदा वीरण्णाही रेल्वेचा अर्ज घेऊन आला. जन्मतारखेच्या जागी त्यानं त्या दिवसाची तारीख लिहिली होती. भीमराजनं वर न बघता ती खोडली.

मार्चमध्ये एका सोमवारी बंगळूरहून पाकीट आलं. सहकार खात्याचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण, राहणं-जेवण फुकट, पुढं नोकरीत प्राधान्य. प्रत्येक कॉलेजातून एकच नाव. भीमराजनं तो कागद दोनदा वाचला आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. उद्या लावू, असं तो स्वतःला म्हणाला. मंगळवारीही तेच म्हणाला.

बुधवारी दुसऱ्या वर्षाची गुरुबाई भिंतीपाशी उभी होती. ती रोज येऊन वाचायची.

"आज काय आलंय का?"

"नवीन काही न्हाई," भीमराज म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याच्या कानशिलात आग झाली. शब्द वीरण्णाचे होते, सूरसुद्धा त्याचाच. चार महिने ज्याला मनातल्या मनात सोललं, त्याच्यासारखं व्हायला आपल्याला तीन दिवस पुरले! स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती. ती पायऱ्या उतरत होती तोवर त्यानं हाक मारली, "अक्का, थांबा. हाय एक."

चौघांनी अर्ज केले. गुणांवर निवड झाली. गुरुबाई पहिली, भीमराज तिसरा. त्याला मोठं उदार वगैरे वाटलं नाही. औरादला गेल्यावर बापानं विचारलं, "तुझं कामून न्हाई झालं?" तर "मार्क कमी पडले" म्हणून तो जेवायला बसला.

बंगळूरला निघण्याआधी गुरुबाई मंडळाच्या खोलीत आली. हातात प्रशिक्षणाच्या कागदांसोबत मिळालेलं ते पाकीट होतं.

"ह्यावर बिदरचा शिक्का सोमवारचा हाय. भिताडावर कागद बुधवारी लागला."

"व्हय," भीमराज म्हणाला.

"मला वाटलंच व्हतं." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली.

जूनमध्ये मंडळातल्या माना हलवणाऱ्या चौघांपैकी दोघं त्याच्या मागं-मागं फिरू लागले. यंदा तूच सचिव हो म्हणाले. त्यानं त्यांना ओळखलं होतं, त्यामुळं रागही आला नाही. सचिव होतो म्हणाला, पण अट घातली. पाकीट आलं की ते टपाल्यासमोर शिपायानं उघडायचं आणि कागद लावताना तो कधी आला ती तारीख वर लाल शाईत लिहायची.

"तुझ्यावर कुनाचा इश्वास न्हाई व्हय रे?" त्यातला एक म्हणाला.

"माझाच न्हाई," भीमराज म्हणाला, आणि शाईची दौत आणायला त्यानं त्यालाच पाठवलं.