मनुबाईचा वाटा

कराडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर पुढच्या बाकावरून मागं यायला लागली, की मनुबाई पदर सावरत उठायची आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसायची. मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी ही विधवा बाई एरवी चर्चचं काम म्हटलं की सगळ्यांच्या पुढं असायची. झाडलोट तिची, आजाऱ्याला पेज तिची. पण त्या भाकरीला तिनं कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.

कारण तिचं तिला ठाऊक होतं. धाकटी बहीण बनुबाई म्हसवडला दिलेली. एकदा भांडणाच्या भरात ती मनुबाईला 'वांझोटी' म्हणाली आणि मनुबाईनं तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढं बनुबाई काविळीनं अंथरुणाला खिळली. 'अक्काला एकदा बघायचंय,' असा निरोप आला. मनुबाई चुलीपुढनं उठली नाही. दुसरा निरोप आला तो माती दिल्याचा.

चर्चचे पाळक शांतवन हे म्हातारे, मऊ बोलणारे. ते तिला सांगून सांगून थकले होते.

"मनुबाई, नीतिमत्त्व माणसाला कमावता येत नाही. ख्रिस्तामुळं देव ते फुकट देतो, असं शास्त्र सांगतं. आपण विश्वासानं घ्यायचं, एवढंच."

"आवं पाळकसायब, राबल्याबिगर कुनाला कोरभर भाकर मिळत न्हाई. आन देव आयतं कसं दील? त्ये बी माझ्यासारखीला?"

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी वसतिगृहापुढं टांगा थांबला. आतनं बनुबाईची लेक पद्मा उतरली. पोट पुढं आलेलं, हातात कापडाचं गाठोडं. मागनं तिचा नवरा, म्हसवडचाच बाळासो, ट्रंक घेऊन आला.

"मावशे," पद्मा म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात. माझं माहेर आता तूच."

मनुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोरीला घरात घेतलं.

मग तिनं स्वतःला कामाला जुंपलं. पहाटे उठून पाणी तापव, खारीक-खोबरं कूट, पद्माच्या डोक्याला तेल चोळ, पाय चेप. वसतिगृहाचा स्वयंपाक होताच. स्वतः कधी जेवली, कुणी बघितलं नाही. एक दिवस पाय चेपता चेपता तिला तिथंच डुलकी लागली. पद्मानं तिचं मनगट धरलं.

"मावशे, तू माझं करत न्हाईस. आयचं फेडतीयास."

मनुबाई दचकली. "तुला ठावं हाय समदं?"

"निरोप मीच धाडला व्हता की."

"मग आलीस कशी?"

"राग व्हता. लय व्हता. पर दिस गेलं आन सारकी तूच आठवाय लागलीस. म्हनलं, आपनच जावं. तुझ्या बोलावन्याची वाट बघितली असती, तर तू कवा बोलावलं असतंस?"

"न्हाई गं. कुठल्या तोंडानं बोलावनार?"

"म्हनून तर आले. आता ऊठ, ताट घे. माझ्यासंगं जेव."

मनुबाईनं ताट घेतलं. डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं आणि पद्मा तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती, जशी लेकरू जेवेना झालं की आई फिरवते. पुष्कळ वेळानं ताट रिकामं झालं.

त्या रविवारी भाकर मागं आली तेव्हा मनुबाई बाकावरच बसून होती. पाळकबाबांचा हात थबकला.

"घिऊ व्हय?" तिनं विचारलं.

"तुमच्याचसाठी आहे बाई," ते कसंबसं म्हणाले.

पद्माला मुलगी झाली. बाळंतिणीला सासरी पोचवायला मनुबाई म्हसवडला गेली, ती कितीतरी वर्षांनी. एस.टी.तनं उतरल्यावर घराकडं न वळता ती बाळाला घेऊन आधी कब्रस्तानात गेली. क्षमा मागायचं वाटेत किती घोकलं होतं! पण बनुबाईच्या मातीपाशी बसली आणि दुसरंच बोलायला लागली. पोरगी कशी झाली, नाक कुणावर गेलंय, रात्रभर कशी जागवते. बोलता बोलता हसली. ऊन चढलं तसं बाळ कुरकुरायला लागलं, आणि पद्मा दुरून हाका मारायला लागली.