चार बल्बांची वायर

मिरजगावात भिमाजींनी आपल्या घराचं वायरिंग अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं केलं होतं. चार बल्ब आणि एक पंखा. पुढं त्याच वायरीवर फ्रीज आला, मिक्सर आला, पिठाची घरघंटीही आली.

एके दिवशी फ्रीज उघडताना त्यांच्या बायकोला, रंगुबाईंना शॉक बसला. सून रेश्मा आयटीआयला वायरमनचा कोर्स करून गोरक्ष नावाच्या कंत्राटदाराकडे काम करत होती. तिनं मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. वायरीवरचं प्लास्टिक हात लावताच गळून पडत होतं, आणि गळणारी वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची वायर कशालाच जोडलेली नव्हती. सासूसमोर ती काही बोलली नाही. भिमाजी गोठ्याकडे गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग गेली.

"मामा, तुमची वायर चार बल्बांची होती. तिनं आजवर घरघंटी ओढली हेच लई झालं. आता बदलू."

भिमाजी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काय काय लागेल ते त्यांनीच विचारलं. रेश्मानं सांगितलं की वीज कंपनीकडे आपला मंजूर लोड, म्हणजे एका वेळी वीज ओढायची मर्यादा, एक किलोवॉटच आहे, तो तीन करून घ्यावा लागेल. अर्थिंगचा खड्डा हवा, शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच हवा, आणि शेवटी लायसन्सवाल्या कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट.

"काम तुझं आन् सही त्या गोरक्षची?" भिमाजींना ते पटेना.

"माझं चुकलं तर बघायला कोणीतरी पाहिजे ना, मामा."

खड्डा मात्र त्यांनी मजुराला खणू दिला नाही. सहासष्टाव्या वर्षी कंबर धरत, बसत-उठत तीन दिवसांत खणला. रेश्मानं आठवडाभर सुट्टी काढून सगळ्या घरात नवी वायर ओढली.

गोरक्षनं मशीन लावून एकेक लाईन तपासली. स्वयंपाकघराची लाईन नापास झाली. नवी वायर ओढल्यावर कपाट परत ठोकताना खिळा वायरीला लागला होता, आणि तो रेश्मानंच ठोकला होता. ती मान खाली घालून उभी राहिली.

भिमाजी गोरक्षला म्हणाले, "आमच्या टायमाला तपासायला कोन न्हवतं. न्हाईतर माझं समदं घरच नापास झालं असतं."

रेश्माला एकदम हसू आलं. तिनं तेवढा तुकडा बदलला, गोरक्षनं पुन्हा तपासून सही केली. अर्ज गेला, आणि तीन आठवड्यांनी कंपनीची माणसं नवं मीटर बसवून गेली.

पुढच्याच महिन्यात शेजारचे पाटील आले. गोठ्यात मोटर बसवायची होती, भिमाजींनी तेवढी वायर जोडून द्यावी म्हणत होते.

"मी न्हाई करत आता," भिमाजी म्हणाले. "रेश्माला विचारा. आन् येताना लाईट बिल घिऊन या. ती आधी मंजूर लोड बघती."