डाव्या बुटातली गादी

मी संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. सात वर्षांत चार देशांत बास्केटबॉल खेळलो आणि दर वेळी नारळ देण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारली होती. तेव्हापासून कोणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

या पाचव्या क्लबात माझा डावा गुडघा दुखत होता. करारात स्पष्ट लिहिलं होतं, दुखापत लपवली तर करार रद्द. सांगितली असती तर बाकावर बसवलं असतं, आणि चौतिसाव्या वर्षी बाकावर बसलेल्याला पुढच्या मोसमात कोण विचारतो? म्हणून मी मूग गिळून बसलो. खोलीचं दार लावून बर्फ लावायचो. जिन्यात कोणी मागे असलं की नाडी बांधायचं सोंग करून त्याला पुढे जाऊ द्यायचो.

त्यातच माझ्याच जागेवर खेळणारा एक नवा खेळाडू चाचणीसाठी आला. माझ्याहून उंच, दहा वर्षांनी लहान आणि वागायला नको इतका नम्र. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

पण माझा खरा संशय होता तो बुटवाल्या काकांवर. या क्लबात बूट घरी न्यायचे नसत. सराव संपला की ते काकांच्या खोलीत जायचे. काका ते पुसून, वाळवून ज्याच्या-त्याच्या कप्प्यात ठेवायचे. एकदा मी मोजे विसरलो म्हणून परत गेलो, तर हे खिडकीपाशी माझे बूट उलटे धरून तळव्यावरून अंगठा फिरवत होते.

"काय बघताय, काका?"

"झीज. उजवा पार घासलाय. डावा अजून नव्यासारखा आहे."

एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मोजे उचलले आणि लंगडणं लपवत बाहेर पडलो.

ताईला फोन केला, तर ती हसायलाच लागली. "अरे, बूट बघणं हे त्यांचं कामच ना? लहानपणी तुझ्या ताटातली वाटी जरा सरकवली, तरी तू घर डोक्यावर घ्यायचास."

ताईला काय कळतंय, असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने काकांवर पाळत ठेवली. ते प्रशिक्षकांशी बोलताना दिसले की मी उगाच पाणी प्यायला तिकडे जायचो. बरं एवढंच, की गुडघा हळूहळू निवत होता. माझ्या व्यायामाचाच गुण, असं मी धरून चाललो होतो.

मग एका सकाळी घामाने सामन्याच्या डाव्या बुटाचं अस्तर सुटलं. खाली टाचेशी एक पातळ गादी होती, एका कडेला जाड, नीट कापून चिकटवलेली. उजव्या बुटात तसलं काही नव्हतं. माझा पाय वाकडा पडावा, मी कोसळावं आणि नव्याला जागा मिळावी! मी तरातरा जाऊन बूट प्रशिक्षकांच्या टेबलावर आपटला.

"माझ्या बुटात हे कोणी घातलं? काकांना विचारा!"

काका आले. त्यांनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "माझीच चूक, साहेब. दुसऱ्या कोणाची तरी यात गेली."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण माझी जीभ! "खोटं बोलताय! दोन महिने माझेच बूट तपासताय तुम्ही!"

प्रशिक्षकांनी गादी उचलली आणि बोटांत फिरवली. "असली गादी गुडघ्यावरचा भार हलका करायला घालतात," ते सावकाश म्हणाले. "तुझा गुडघा कधीपासून दुखतोय?"

काकांनी डोळे मिटून घेतले. दुपारी डॉक्टरांनी तपासलं आणि संध्याकाळी करार रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी कप्पा रिकामा करायला गेलो. काका खोलीत नव्हते. मुद्दाम गेले होते की काय, कोण जाणे. माझे बूट पिशवीत बांधून ठेवले होते. मुक्कामी येऊन एकेका जोडाचं अस्तर उचलून पाहिलं. सामन्याचे, सरावाचे, अगदी क्लबात नुसते चालायचेसुद्धा. प्रत्येक डाव्या बुटात तशीच एक गादी होती. सामन्याच्या बुटातली नवी होती, डिंक अजून ओला होता.