माझ्या पानावरची जास्तीची बाई

मित्रांनो, मी एक जुने चित्रांचे पुस्तक आहे आणि माझ्यात एक बाई जास्तीची आहे. चित्रकाराने तिला काढलेले नाही. लेखकाने तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. तरी ती माझ्या शेवटून दुसऱ्या पानावर उभी आहे, आणि माझ्या आयुष्यात जे काही घडले ते तिच्यामुळे घडले.

माझ्यातली गोष्ट साधी आहे. नाताळची रात्र असते. सगळे गाव बाळ येशूच्या जन्माच्या प्रार्थनेला चर्चकडे निघालेले असते. पण वारा असा सुटतो की लोकांच्या हातातले दिवे विझतात. एक म्हातारी दिवे विकायला बसलेली असते. ती पैसे न घेता एकेकाला दिवा देत जाते. शेवटचा दिवाही एका लहान मुलाला देते आणि स्वतः अंधारातून, बर्फातून चालू लागते. शेवटच्या पानावर गावकरी तेच दिवे घेऊन तिला शोधायला येतात. त्याखाली ठळक अक्षरांत छापले आहे : 'जो देतो, त्याची वाट अंधारी राहत नाही.'

माझा जन्म छापखान्यात झाला. तेव्हा कागदाचा मोठा ताव मशीनमधून चार वेळा जायचा. आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळा. माझा एक ताव निळ्याच्या वेळी वाकडा गेला. त्यावरची बाकीची चित्रे नुसती धूसर झाली. पण ज्या पानावर म्हातारी पांढऱ्या बर्फातून चालते, तिथे तिच्या शालीचा निळा रंग तिला सोडून बाजूला पडला. म्हातारीच्या शेजारी एक फिकट निळी बाई उभी राहिली. तिला तोंड नाही, पाय नाहीत. शाल मात्र आहे.

असा ताव फाडून रद्दीत टाकतात. मशीन चालवणाऱ्याने तो फाडला नाही. त्याची मुलगी तेव्हा मांडीवर बसून चित्रे बघण्याच्या वयाची झाली होती आणि घरात चित्रांचे एकही पुस्तक नव्हते. त्याने मालकाला विचारून तो ताव ठेवून घेतला आणि मला बांधायला दिले.

बांधणारा शिवता शिवता थांबला. "लेका, भूत घरी नेतोयस."

"धर्माच्या गायीचे दात कोण मोजतं?" मशीनवाला म्हणाला. "बांध तू."

त्याचे घर दोन खोल्यांचे होते. त्याची बायको लॉण्ड्रीत दिवसभर कपड्यांना इस्त्री करायची. संध्याकाळी घरी आली तरी तिची बोटे ऊन असायची. ती मला उघडायची तेव्हा माझी पाने थंडीतसुद्धा कोमट व्हायची. मला इतर कोणी असे उघडलेले नाही.

ती वाचायला बसायची तेव्हा मशीनवाल्याची रात्रपाळीला निघायची वेळ झालेली असायची. तो दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधायचा, उभ्या उभ्या दोन वाक्ये ऐकायचा, डबा उचलायचा आणि जायचा. सुट्टीच्या दिवशीही तो कुठला तरी नळ खोलून बसलेला असायचा. बायको म्हणायची, "या की, बसा जरा. आज म्हातारीचं लग्न लावणार आहे मी."

"तुमचं चालू दे," तो आतून म्हणायचा. "माझ्या वाटणीचा लाडू ठेवा."

त्या पानावर छापले आहे : 'आणि म्हातारी एकटीच अंधारात निघाली.' इस्त्रीवाली त्यातला 'एकटीच' हा शब्द कधी वाचायची नाही. त्या शब्दावरून तिचे बोट सरळ पुढे जायचे आणि निळ्या बाईवर थांबायचे.

"ही आहे की सोबत."

"ही कोण गं?" मुलगी रोज विचारायची.

उत्तर रोज वेगळे असायचे. एकदा ती म्हातारीची थोरली बहीण होती. एकदा बादलीवरून भांडलेली शेजारीण होती. एकदा कोणाची तरी चाळण परत करायला निघाली होती आणि उशीर झाला म्हणून लाजत होती. मग त्या दोघींचे बोलणे सुरू व्हायचे.

"निळी म्हणते, अगं हळू चाल, तुझ्या चपला सगळ्या गावाला उठवतील. म्हातारी म्हणते, तुझं काय जातंय बोलायला, तुला पायच नाहीत!"

मुलगी इतकी हसायची की माझा पुठ्ठा हलायचा.

मग घरात खोकला शिरला. इस्त्रीवाली आधी बसून वाचायची, नंतर उशीला टेकून वाचू लागली, नंतर नुसते चित्र दाखवून बोलू लागली. एके दिवशी तिला दवाखान्यात नेले. तिथून ती परत आली नाही.

मित्रांनो, पुढचे मी जसे झाले तसे सांगते, तुम्ही त्याला भास म्हणा. मी कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होते. मला कोणी उघडत नव्हते. तरी संध्याकाळ झाली की माझे शेवटून दुसरे पान कोमट व्हायचे. बाकीची पाने गार असायची. थोड्या वेळाने तेही गार व्हायचे.

मशीनवाल्याने दिवसपाळी मागून घेतली. एका संध्याकाळी त्याने मला बाहेर काढले आणि मुलीला जवळ घेऊन वाचायला बसला. तो सूचना-फलक वाचावा तसा वाचत होता, एकही शब्द न चुकवता. त्या पानावर आला. "आणि म्हातारी एकटीच अंधारात निघाली."

"एकटी नाही!" मुलगी ओरडली.

"इथं तसं लिहिलंय."

"मग ही कोण?"

त्याने वाकून बघितले. त्या दिवसांत त्या घरात खात्रीने सांगता यावे असे त्याच्यापाशी काहीच उरले नव्हते. छपाईतले हे मात्र त्याला पक्के माहीत होते.

"ही कोणी नाही, बाळा. निळा रंग सरकलाय. ताव वाकडा गेला होता." त्याने छापखान्यातले भिंग आणून पानावर ठेवले. "बघ. नुसते ठिपके आहेत."

मुलीने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आई म्हणायची की—"

"आईला छपाईतलं काय कळतं?"

बायको शेजारच्या खोलीत असावी तसे तो बोलून गेला. मग त्याच्याही ते लक्षात आले. दोघेही शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मग मुलीने मला मिटले, आणि त्या घरात पुन्हा कधी तिने मला उघडले नाही.

तो उघडायचा. कामाला सुट्टी असलेल्या दुपारी मुलगी शाळेत असताना तो मला खिडकीशी न्यायचा, त्या पानावर भिंग ठेवायचा आणि तसूतसूने सरकवत निळ्या बाईच्या डोक्यापासून खाली यायचा. पुन्हा वर जायचा. जिथे तोंड असायला हवे तिथे तो थांबायचा. ठिपक्यांत ठिपकेच असतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? तरी तो बघायचा.

नाताळ जवळ आला. चर्चच्या दाराशी एक मोठी पेटी ठेवली होती. मुलांनी आपल्याकडचे काही त्यात टाकायचे, ते ज्या घरी काही नाही त्या घरी जायचे. मुलीने मला कपाटातून काढले, दप्तरात घातले आणि त्या पेटीत सोडले. माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला. मित्रांनो, देणे आणि टाकून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पेटीत पडताना दोन्हींचा आवाज सारखाच येतो. ज्या पुस्तकातली तिची बाई 'कोणी नाही' झाली होती, ते पुस्तक तिला घरात नको होते.

चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या बाईंनी मात्र तिला सगळ्यांसमोर उभे केले. "हिने आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं. हिच्याकडून शिका." टाळ्या वाजल्या. मुलगी आपल्या बुटांकडे बघत होती. मागच्या बाकावर मशीनवाला बसला होता, त्याला ते तेव्हा कळले.

मी तेव्हा त्याच खोलीत कागदात गुंडाळले जात होते. तो बाईंकडे आला.

"ते पुस्तक कुठल्या घरी जाणार?"

"अहो, दिलेली वस्तू परत मागायची का?"

"मागू नये," तो म्हणाला. "मी मागणार आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितले आणि घर सांगितले. पण नाताळच्या आधी मला काढून घेऊ दिले नाही.

मी गेले ते भाजीवालीच्या घरी. दोन जिन्यांवर एक खोली. भाजीवाली दिवसभर गाडीवर असायची. तिच्या मुलाचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्याच्या जवळ त्याची आजी असायची. आजीला वाचता येत नव्हते. ती म्हणायची, "अक्षरं मला ओळखत नाहीत, मी अक्षरांना ओळखत नाही. कुणाचं कुणावाचून अडलं नाही." मुलगा अडखळत वाचायचा, आजी चित्रे बघायची. निळी बाई आजीनेच आधी पाहिली.

"ही कोण रे?"

"लिहिलं नाहीये."

"नीट वाच. एवढी उभी बाई, आणि लिहिलं नाही म्हणतो!"

मुलाने पान पुन्हा वाचले, पालथे करून पाहिले, उजेडासमोर धरले. त्या दिवसापासून त्याला दुसरे काही सुचेना.

नाताळ झाला आणि मशीनवाला आला. सोबत मुलगी होती. तिला त्याने जवळजवळ ओढतच आणले होते. त्याच्या काखेत नवे कोरे पुस्तक होते. ते माझेच भावंड, छापखान्याच्या गोदामात राहिलेले. सगळे रंग जागच्या जागी बसलेले.

तो दारातच उभा राहिला. "मी छापखान्यात मशीनवर असतो. तुमच्याकडे आलंय ते पुस्तक खराब आहे. छपाई चुकलीय. हे चांगलं घ्या, ते मला द्या."

"बसा की," आजी म्हणाली. "दार अडवून उभं राहिलात. वारा बाहेर राहिला, तेवढं बरं झालं."

तो बसला नाही. मुलाने नवे पुस्तक हातात घेतले. पाने भराभर उलटली. शेवटून दुसऱ्या पानावर थांबला. मग मला उघडून शेजारी ठेवले.

मी माझ्या भावंडाचे ते पान तेव्हा पहिल्यांदा पाहिले. किती स्वच्छ होते! शाल म्हातारीच्या अंगावर नीट बसली होती. तिच्या बाजूला बर्फ होते. पानाच्या कडेपर्यंत बर्फच बर्फ होते.

"ह्यात ती नाही," मुलगा म्हणाला. "हे नको."

"अरे, ते बरोबर छापलंय," मशीनवाला म्हणाला.

"ह्यात ती एकटीच आहे."

मशीनवाला दोन्ही पानांकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने चुकलेले ताव बाजूला काढले होते आणि बरोबर आलेले पुढे पाठवले होते. आता बरोबर आलेले पान त्याच्यासमोर होते, आणि त्याच्याने त्याकडे बघवत नव्हते.

"तुम्ही छापता ना?" आजीने विचारले. "मग सांगा बाबा एकदाचं, ही दुसरी कोण? हे पोरगं माझं डोकं खातंय."

त्याने तोंड उघडले. मी घाबरले. रंग सरकला आहे, हे तो सांगणार. ते खरेच होते. त्याला दुसरे काही येतही नव्हते. त्याने आपल्या मुलीकडे बघितले आणि तोंड मिटले.

"हिला विचारा," तो म्हणाला. "मला माहीत नाही."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून होती. ती आत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने निळ्या बाईवर बोट ठेवले. माझे पान कोमट होते. ते आधीपासून होते की तिच्या बोटाने झाले, हे मला सांगता येणार नाही.

"सगळे दिवे म्हातारीने दिले," ती म्हणाली. "हिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. दिवा नाही, पैसे नाहीत, पायपण नाहीत. म्हणून ही सोबत देते. शेवटपर्यंत. लोक येईपर्यंत."

"मग लोक आल्यावर कुठे जाते?" मुलाने विचारले. "पुढच्या पानावर नाही ती."

मुलगी म्हणाली, "मागे राहते."

"आणि बोलत का नाही?"

"बोलते की. रोज बोलते. पण म्हातारीला निघायची घाई असते. ती उभ्या उभ्या ऐकते आणि जाते."

तेव्हा मशीनवाला खाली बसला. खुर्ची शेजारीच होती, पण तो जमिनीवरच बसला, बूट घातलेलेच. आजीने त्याच्याकडे एकदा बघितले आणि उगाच पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला.

"मग? पुढे?" मुलगा म्हणाला.

मुलीने पुढे सांगितले. बादलीचे भांडण सांगितले, चाळण सांगितली, चपला सांगितल्या. काही तिच्या आईचे होते, काही नवे होते. मुलगा आणि आजी हसले. मशीनवाला सगळे पहिल्यांदाच ऐकत होता. तो गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला होता आणि मध्ये एकदाही उठला नाही.

जाताना त्याने मला मागितले नाही. मुलीने मला मिटले, दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि मुलाच्या मांडीवर ठेवले. "तुझ्याकडेच असू दे. आम्ही हे नेतो." या वेळी ती मला देत होती. मला फरक कळला. तिने माझे कोरे भावंड काखेत घेतले, आणि ते दोघे जिना उतरू लागले. आजी दार लावत होती तेवढ्यात मशीनवाल्याचा आवाज आला.

"बाळा, आई आणखी काय काय सांगायची?"

दार लागले. ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही.

मित्रांनो, मी आता खूप जुने झाले आहे. माझी शिवण सुटली आहे. तो मुलगा मोठा होऊन दुसरीकडे गेला, आजी गेली, आणि मी एका फळीवर आहे. संध्याकाळी माझे एक पान अजून कोमट होते. ती कोणी आहे की नुसता सरकलेला रंग, हे मला एवढ्या वर्षांत कळलेले नाही. तुम्ही आमची पाने दुमडू नका, आम्हाला ओलीत ठेवू नका, एवढे तर आम्हा सगळ्या पुस्तकांचे मागणे असतेच. माझे स्वतःचे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणी कोणाला वाचून दाखवत असेल, तर त्या दारावरून पुढे जाऊ नका. बुटांच्या नाड्या मग बांधता येतात. आत जा आणि खाली बसा.