बादलीतलं स्वच्छ पाणी

मी पाण्यातली घाण मोजणारा एक सेन्सर बोलतोय. आवाज थकलाय, जरा जवळ येऊन ऐका.

थायलंडमधल्या कोराट शहराजवळ साबुदाण्याच्या कंदांपासून स्टार्च काढणारा एक कारखाना आहे. त्याच्या सांडपाण्याच्या शेवटच्या तळ्यात मी साखळीला लटकून चार वर्षं आहे. पाणी घाण असेल तर ऑफिसातल्या पडद्यावर लाल दिवा लागतो. स्वच्छ असेल तर हिरवा, आणि मग कालव्याचं दार आपोआप उघडतं. कोणाला विचारावं लागत नाही, याचं कारखान्याच्या साहेबांना फार कौतुक.

रोज सकाळी तळ्यावर कामाला असलेल्या लमदुआनताई मला वर ओढायच्या आणि जुन्या टूथब्रशने घासायच्या. "किती रे लोळतोस घाणीत!" म्हणायच्या. कालव्यात खाली त्यांच्या धाकट्या भावाचे, अम्नुआयचे, तिलापिया माशांचे पिंजरे होते. जास्त कंद धुतले की तळं आंबतं, हे ताईंना माझ्याआधी वासावरून कळायचं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्याही बोलल्या नाहीत. वरच्या माणसाला तोंडावर वाईट सांगायचं नाही, अशी इथली रीत.

एकदा बँकॉकहून मोठे पाहुणे यायचे होते. लाल दिवा पेटलेला. मुकादम बुनलूत तळ्याशी येऊन नुसताच उसासला. "आज साहेबांची मान खाली जाणार, ताई."

एवढंच बोलला. हुकूम कोणीच दिला नाही. ताईंनी मला वर काढलं, धुतलं आणि नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. "जेवणं होईपर्यंतच हं."

मग त्यांना चिकट भात आणि भाजलेली कोंबडी वाढायला बोलावलं. पाहुणे रेंगाळले. ताई मला विसरल्या.

मी खोटं बोललो नाही. बादलीतलं पाणी स्वच्छच होतं. दार उघडलं.

संध्याकाळी अम्नुआय भिजलेल्या कपड्यांनी कुंपणाशी आला. "ताई, मासे सगळे उताणे पडलेत गं. सगळे." ताई धावत बादलीकडे आल्या. मला उचलून त्यांनी पुन्हा तळ्यात सोडलं.

तशाच त्या इंजिनिअर खनितकडे गेल्या. "मी केलं. कामावरून काढा."

खनितने पडद्यावरची दिवसभराची नोंद पाहिली. मग म्हणाला, "ताई, पाणी बिघडलंय हे तुम्हाला आधी कळतं?"

"नाकाला कळतं, साहेब."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

तेव्हापासून दार माझ्या एकट्याच्या शब्दावर उघडत नाही. ताई सकाळी वास घेतात आणि टॅबलेटवर नोंदवतात. आम्हा दोघांचं जुळलं तरच पाणी सुटतं. तळं आंबट असेल त्या दिवशी कंद कमी धुतले जातात. बुनलूत कुरकुरतो, पण ऐकतो. कारखान्याने अम्नुआयला माशांची नवी पिल्लं दिली. तो ताईंशी अजून मोजकंच बोलतो.

परवा पुन्हा पाहुणे आले. दिवा लालच होता. बुनलूत इकडेतिकडे पाहत म्हणाला, "ताई, ती बादली कुठंय?"

"अम्नुआयकडे. तो त्यात माशांचं खाणं कालवतो."

माझी काच आता धुरकटली आहे. उद्या माझ्या जागी नवा येईल. त्याला एवढंच सांगा, घाणीत राहायचा कंटाळा येईल, पण तिथेच राहा. आणि तुम्ही, रोज घासायला येणाऱ्या बाईंना आधी विचारा.