ग्रंथालयाचे चार प्रोसेसर

“काढाच लागतीन का, ताई?” ग्रंथपाल कय्यूमभाईंनी विचारलं.

“काढाच लागतीन, भाई. परीक्षेचे फॉर्म अटकून राह्यले. आज शेवटचा दिवस हाय.”

अमडापूरच्या त्या कॉलेजात सर्व्हर एकच. त्या एका यंत्राच्या पोटात परीक्षा, फी, हजेरी, ऑफिस आणि ग्रंथालय असे पाच आभासी संगणक, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या पाच ‘मशिनी’, नांदत होते. प्रोसेसर होते तेवढेच, कामं मात्र दरवर्षी वाढत होती. ही वाटणी सर्व्हर सांभाळणाऱ्या धम्मशीलाकडे होती आणि तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. मागेल त्याला ती देत गेली. ज्यांना मिळालं ते विसरले, ज्यांना कमी पडलं ते रोज तिच्या नावानं बोटं मोडत.

ग्रंथालयाचे चार प्रोसेसर कय्यूमभाईंनी तिच्यासमोर ठिय्या देऊन मिळवले होते. हजारो पुस्तकांची नोंद त्यांनी एकट्यानं, एका बोटानं संगणकावर चढवली होती. तेव्हा प्राचार्यसुद्धा पुस्तक शोधायला वर यायचे. आता पोरं मोबाइलवर वाचत आणि भाईंची निवृत्ती दारात उभी होती. तरी कुणी पाहुणा आला की ते आवर्जून सांगत, “परीक्षेले चार, तं लायब्ररीलेबी चार.” त्या चारात त्यांचा जीव होता. धम्मशीलाला हे ठाऊक होतं, म्हणूनच फोनवर न उरकता ती स्वतः आली होती.

“किती ठेवसान?”

“एक.”

“म्हंजे तीन गेले. मशीन बंद केल्याबिगर नाई होत?”

“नाई होत, भाई.”

“मंग बंद मीच करतो. चालू बी मीच केली होती.”

त्यांनी उघडी नोंद नीट मिटली आणि मशीन बंद केली. परीक्षेची मशीन धम्मशीलानं आधीच बंद करून ठेवली होती. लॅपटॉपवर तिनं इकडचा आकडा चारावरून एकावर आणला, तिकडचा चारावरून सातावर नेला आणि दोन्ही मशिनी पुन्हा चालू केल्या. चहाला उकळी यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

“पाहा बरं काही शोधून.”

भाईंनी ‘शेळीपालन’ लिहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पुस्तकं समोर आली, कालच्याइतकीच झटकन. त्यांनी ‘फळबागा’ लिहिलं. तेही तसंच आलं. तिसरा शब्द त्यांनी लिहिला नाही.

तीन प्रोसेसर इतकी वर्षं नुसते बसून होते, हे आता दोघांनाही कळलं होतं. धम्मशीलाला फार वाईट वाटलं. जरा तरी अडायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात परीक्षा विभागातून कौसरचा फोन आला. “ताई, सुटले फॉर्म. पटापट जाऊन राह्यले.”

“बरं झालं,” म्हणून तिनं फोन ठेवला. भाई अजून पडद्याकडेच पाहत होते.

“थोडी हळू झाली हो भाई,” ती म्हणाली.

भाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत होती आणि तिला ते धड जमतही नव्हतं.

“हाव,” ते म्हणाले. “फरक तं पडतेच ना, ताई.”

मग त्यांनी पडदा पुसला, खुर्ची आत सरकवली आणि तिला दारापर्यंत सोडायला आले.