नीटनेटक्या चुका

मी वही बोलतेय, टेबलाखालून. वर प्रदर्शन मांडलंय आणि टेबलाचा एक पाय आखूड निघाला, म्हणून मला त्याखाली सरकवलंय. सरकवणारा माझाच मालक, हर्षल. नाशिकच्या एका डिझाइन कॉलेजात तो तिसऱ्या वर्षाला आहे.

मला विकत आणलं तेव्हा पहिल्या पानावर नाव घालायला तो हात धुऊन बसला होता. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी माझ्यावर चहाचा कप ठेवला गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. स्टुडिओतल्या वहीनं चुका अंगावर घ्यायच्या, हाच तिचा धर्म.

दीपक सरांचा नियमच होता, स्टुडिओत खोडरबर आणायचं नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी काढायची. "वस्तू शेवटी बघू. तिथपर्यंत कसा आलास ते आधी दाखव," असं ते म्हणायचे. निम्मे मार्क वस्तूला, निम्मे वहीला.

या वर्षी हर्षलचा विषय होता, कांदा लावणाऱ्या बायकांसाठी बसायचं साधन. त्यानं खुर्चीत बसूनच चाकांचं स्टूल काढलं. एकोणीस पानं नुसती चाकं. मग सरांनी हाकललं म्हणून तो मला घेऊन ओझरजवळच्या एका मळ्यात गेला. पाणी भरलेल्या वाफ्यात, पेठकडून मजुरीला आलेल्या बायका उकिडव्या बसून रोपं लावत होत्या. त्यातल्या चिमणाबाईंना त्यानं चाकं दाखवली.

"चिखलात चाक?" त्या म्हणाल्या. "मंग म्होरं बैल कोन जुपील?"

बायका पोट धरून हसल्या. हर्षल मात्र बांधावर बसला आणि म्हणाला, "मग कसं पाहिजे, मावशी?" त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

"दोनी हात गुतलेले असत्यात. घडीघडी बसायचा पाट उचलून म्होरं कोन ठेवील? आमी उठलो का त्यानंबी उठाया पायजे."

त्यांनी पेन्सिल मागून घेतली. माझ्या विसाव्या पानावर एक उशी काढली आणि तिला कमरेला बांधायचे दोन पट्टे. आत भाताचा पेंढा, वरून खताच्या गोणीचं कापड. हर्षल बघतच राहिला. त्यानं खाली लिहिलं, 'कल्पना: चिमणाबाई'.

"हे छापून येईल का?" त्यांनी विचारलं. "माझी आशा दहावीला हाय. तिला दावीन."

"येईल ना. प्रदर्शनाला या तुम्ही," तो म्हणाला.

पुढची पंधरा पानं उशीची. पट्टा काचतो, गाठ सुटते, पेंढा एका बाजूला जातो. चिमणाबाई बांधून बघायच्या, सांगायच्या, तो काढायचा. माझ्या आयुष्यातले तेच काय ते सुखाचे दिवस.

मग माशी शिंकली. वर्गातल्या योगिनीनं कुंभारांसाठी केलेलं काम बघायला बाहेरून एक परीक्षक आले होते. ते तिला म्हणाले, "हे सगळं तर कुंभारानं सांगितलं. यात तू काय केलंस?" योगिनी रडत बाहेर गेली. हर्षल मागच्या बाकावर मला धरून बसला होता. त्यानं माझं विसावं पान उघडलं आणि लगेच मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी वही आणली. तीन दिवस बसून तिच्यात माझंच आयुष्य पुन्हा काढलं, फक्त विसावं पान सोडून. तिच्यात चाकांनंतर पाट येतो, पाटानंतर दोरी, दोरीनंतर उशी. सगळं जणू एकट्याच्याच डोक्यातून उगवलेलं. चुकांनाही मार्क असतात ना, म्हणून त्यानं चुका बेतल्या, छान नीटनेटक्या, आणि एकदोन पानांवर मुद्दाम चहा सांडला. मी शेजारी उघडी पडले होते. माझ्यात बघून बघून तो उतरवत होता. आयत्या बिळावरचा नागोबा मी ऐकून होते. बीळ आपणच खणल्याचा पुरावा तयार करणारा नागोबा पहिल्यांदा पाहिला.

परीक्षेत सर ती नवी वही चाळून म्हणाले, "किती प्रामाणिक काम आहे." सरांनाही कळलं नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

आज चिमणाबाई आल्या, आशाला घेऊन. आपण बोलावलं होतं हे हर्षल विसरूनच गेला होता. भिंतीवर त्यांचा मोठा फोटो आहे, कमरेला उशी बांधून बसल्याचा. आशा मोठ्यानं वाचू लागली. 'संकल्पना आणि रचना: हर्षल.' फोटोखाली, 'साधन वापरताना शेतमजूर महिला.'

"माझं नाव कुठं हाय?"

"नाय, आई."

"नीट बघ. बारीक अक्षरात आसंल."

आशानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "नाय."

चिमणाबाई हर्षलकडे वळल्या. "दादा, तुमी त्या वहीत लिव्हलं व्हतं ना? ती दावा हिला. हिला खरं वाटत नाय."

"ती वही हरवली, मावशी."

मी त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर होते.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. मग हळूच पोरीला म्हणाल्या, "पन लिव्हलं व्हतं गं." आशानं आईचा हात धरला आणि दाराकडे चालू लागली.

हर्षलनं खाली पाहिलं. माझा कोपरा बाहेर आला होता. त्यानं तो बुटाच्या टोकानं आत ढकलला.

म्हणून तुम्हाला हाक मारतेय, प्रदर्शन बघायला आलेल्या माणसांनो. कुणीतरी वाका आणि मला ओढून काढा. टेबल कलंडलं तर कलंडू द्या. विसावं पान उघडा आणि धावत स्टँडवर जा. पेठची एसटी चारला सुटते, मायलेकी अजून रांगेत असतील.